काचेतील समुद्र : फिलिप हेन्री गॉस

काचेच्या पेटीत रंगीत मासे बाळगण्याचा छंद आज जगभर रुजला आहे. काही छंदिष्ट त्याही पुढे जाऊन खाऱ्या पाण्याच्या पेटीत प्रवाळ, समुद्रपुष्पे आणि अंगात चुनखडी साठवणारी समुद्रशैवले वाढवतात. दोनशे वर्षांपूर्वी मात्र समुद्रातील जीव किनाऱ्यापासून दूर जगवणे जवळजवळ अशक्य मानले जाई. ही विद्या सर्वसामान्यांच्या घरापर्यंत नेणाऱ्यांत फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गतज्ज्ञाचे नाव अग्रगण्य आहे.

गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर येथे झाला. त्यांचे वडील गावोगाव फिरून लघुचित्रे काढत. घरची परिस्थिती बेताचीच होती. फिलिप यांचे बालपण पूल या बंदराच्या गावी गेले. तेथेच समुद्रकिनाऱ्यावरील जीवांची त्यांना गोडी लागली. १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते न्यूफाउंडलंडला एका व्यापारी पेढीत कारकून म्हणून गेले. पुढे कॅनडात त्यांनी शेती केली. पण ती साधली नाही. १८३८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील अलाबामा येथे काही महिने शिक्षकाचे काम केले. उपजीविकेची साधने बदलत राहिली, तरी निरीक्षणाची वही आणि रंगांचा कुंचला त्यांनी कधी दूर ठेवला नाही. १८४४ ते १८४६ या काळात जमेकात राहून त्यांनी तेथील पक्ष्यांचा अभ्यास केला आणि निसर्गलेखक म्हणून नाव मिळवले.

त्या काळी बरणीतील समुद्राचे पाणी थोड्याच दिवसांत नासे आणि त्यातील प्राणी मरून जात. या अडचणीवरचा एक उपाय अनपेक्षित मार्गाने पुढे आला होता. कोरॅलिना नावाचे गुलाबी, ताठर समुद्रशैवल प्राणी आहे की वनस्पती, असा वाद अठराव्या शतकापासून चालू होता. त्याच्या अंगातील चुनखडीमुळे अनेक विद्वान त्याला प्राण्यांत गणत. बेरिक येथील डॉक्टर जॉर्ज जॉन्स्टन यांनी कोरॅलिनाचा एक झुबका, थोडे हिरवे शैवल आणि काही लहान सागरी प्राणी समुद्राच्या पाण्याच्या छोट्या बरणीत ठेवले. आठ आठवडे पाणी न बदलताही ते शुद्ध राहिले आणि आतील जीव जगले. कोरॅलिना प्राणी असते, तर पाणी केव्हाच दूषित झाले असते, असा निष्कर्ष जॉन्स्टन यांनी १८४२ मध्ये प्रसिद्ध केला. वनस्पती प्रकाशात प्राणवायू सोडतात आणि त्यावर प्राणी जगतात, हा तोल त्या बरणीत दिसून आला होता.

१८५२ मध्ये अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे गॉस डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांतील डबकी न्याहाळणे हा त्यांचा नित्यक्रम झाला. समुद्रशैवलांना खरी मुळे नसतात. ती खडकाला केवळ घट्ट चिकटलेली असतात आणि उपटली की लवकरच कुजतात, हे ओळखून गॉस छिन्नी-हातोड्याने खडकाच्या कपच्यासह शैवल काढून आणीत. मोठी तपकिरी शैवले बुळबुळीत स्राव सोडून पाणी बिघडवतात. लाल व हिरवी शैवले पेटीला अधिक मानवतात, हेही त्यांनी अनुभवाने ठरवले.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जलचरांचे दालन उघडले. त्यासाठी गॉस यांनी अनेक सागरी प्राणी गोळा करून दिले होते. पुढच्याच वर्षी त्यांचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील रंगीत चित्रे त्यांनी स्वतः रेखाटली होती. ‘ॲक्वेरियम’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो त्यांच्यामुळेच.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रजलही तयार केले. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड ही चार द्रव्ये त्यांनी गोड्या पाण्यात मिसळली. त्यात आधी शैवले सोडली आणि काही दिवसांनी प्राणी. चुन्याचे क्षार मात्र त्यांनी वगळले. कारण ते सहज विरघळत नाहीत आणि लंडनच्या पाण्यात ते मुळातच पुरेसे होते. पाणी मृदू असते, तर कोरॅलिनासारख्या शैवलांची उपासमार झाली असती. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. ते फार घटले की चुनखडीयुक्त शैवलांची वाढ खुंटते. शैवल मेले की त्याचा रंग उडून पांढरा सांगाडा तेवढा उरतो. म्हणूनच प्रवाळपेटी सांभाळणारे आजही पाण्यातील कॅल्शियम नियमाने मोजतात.

काचेवरील कर १८४५ मध्येच रद्द झाला होता. रेल्वेमुळे किनारा जवळ आला होता. गॉस यांच्या ग्रंथांनी छंदाची लाटच उसळली. हौशी माणसे टोपल्या व छिन्न्या घेऊन किनाऱ्यावर लोटली. युगायुगांच्या शांततेत वाढलेली खडकांतील डबकी पाहता पाहता ओरबाडली गेली. ज्या सौंदर्याची ओळख आपण जगाला करून दिली, तेच आपल्या लेखणीमुळे नष्ट होत आहे, याचे शल्य गॉस यांना अखेरपर्यंत टोचत राहिले. त्यांचे पुत्र एडमंड यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फादर अँड सन’ या पुस्तकात ही व्यथा नोंदवली आहे.

१८५७ मध्ये पत्नी एमिली यांचे निधन झाले. त्याच वर्षी गॉस डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे स्थायिक झाले. ब्रिटनच्या किनाऱ्यावरील समुद्रपुष्पांवरचा त्यांचा ग्रंथ १८६० मध्ये पूर्ण झाला. २३ ऑगस्ट १८८८ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

पेटीतील पाण्याचा तोल कसा राखावा, हे गॉस यांनी लोकांना शिकवले; किनाऱ्याचाही तोल राखावा लागतो, हे लोकांना फार उशिरा उमगले. आज अनेक छंदिष्ट समुद्रातून नवे जीव न आणता एकमेकांच्या पेटीतील प्रवाळांचे व शैवलांचे तुकडे घेऊन ते वाढवतात. गॉस यांच्या मनातील सल ज्याला कळला, त्याला या संयमाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.