कै. डॉ. आनंदीबाई जोशी

कुळगावाहून मुंबईच्या गाडीत बसले, की अंबरनाथ, उल्हासनगर व विठ्ठलवाडी मागे टाकून आपण कल्याणास पोहोचतो. याच कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना वाढली. जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी पोस्टखात्यातील विधुर गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि यमुनेची आनंदी झाली. चौदाव्या वर्षी पुत्र झाला; तो दहा दिवसांचाच सोबती ठरला. वैद्यकविद्येचा ध्यास तेथून लागला, असे सांगतात.

पत्नीस अमेरिकेत शिकविण्याविषयी गोपाळरावांनी केलेला पत्रव्यवहार तेथील एका मिशनरी मासिकात छापून आला. संपादकांनी जोडीला ख्रिस्ती होण्याचा सल्लाही छापला! दांपत्याने तो मानला नाही. मात्र तोच मजकूर वाचून श्रीमती कार्पेंटर यांनी आपले घर आनंदीबाईंसाठी खुले केले.

प्रस्थानापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, श्रीरामपूर (बंगाल) येथील महाविद्यालयात त्यांनी इंग्रजीत व्याख्यान दिले. परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच येईन, अशा आशयाचे उत्तर दिले. आज आपण त्यांची छायाचित्रे अभिमानाने छापतो. तेव्हा त्यांना ज्ञातीसमोर असा जबाब द्यावा लागत होता, हेही त्याच छायाचित्राखाली छापावयास हवे.

फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातले १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. एक जपानी, एक सीरियाकडील व तिसऱ्या आनंदीबाई. प्रत्येकीचा पेहराव आपापल्या देशाचा. आनंदीबाई साडीत आहेत. परक्यांनी आपणांस कसे पाहावे हे त्यांनी असे स्वतः ठरविले. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. मायदेशी परतून थोडेच महिने लोटले, तोच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

पुढे त्यांना रेखाटण्याचे काम इतरांकडे गेले. बोस्टनच्या कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत चरित्र लिहिले. मागोमाग काशीबाई कानिटकरांनी मराठीत. पण घरोघरी पोहोचली ती श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आणि २०१९ साली त्याच नावाचा चित्रपट. नावातच पतीची जोड! हट्टी गोपाळरावांनी पत्नीस घडविले, हीच कथा मग आपल्या मनात ठसली. गोपाळरावांचे श्रेय कोण नाकारील? तथापि आनंदीबाईंनी अमेरिकेहून पतीस पाठविलेल्या पत्रात आपल्या बालवयातील माराची आठवण स्वतःच करून दिली आहे. ती वागणूक बरी की वाईट, हे सांगणे कठीण असल्याचेही त्यात नमूद केले आहे. विशीच्या आतबाहेरची ही मुलगी कोणाची निर्मिती म्हणून बोलत नाही, बरोबरीने हिशेब मांडते. कादंबरी वाचलेल्या लेकी-सुनांनी ही पत्रेही मिळवून वाचावीत.

त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्याच दफनभूमीत त्यांची शिळा आहे. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असा उल्लेख तिच्यावर कोरला आहे, गोपाळरावांचा नाही.