फ्रीडरिश वेल्विच
फ्रीडरिश वेल्विच (२५ फेब्रुवारी, १८०६ – २० ऑक्टोबर, १८७२) हे ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ व संशोधक-प्रवासी होते. नामिब वाळवंटातील वेल्विचिया मिराबिलिस ही वनस्पती त्यांनी वैज्ञानिक जगाच्या निदर्शनास आणली.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म कॅरिंथिया प्रांतातील मारिया झाल येथे झाला. वडिलांच्या इच्छेखातर ते व्हिएन्ना येथे कायदा शिकू लागले. पण वनस्पतींच्या ओढीने तो अभ्यास सुटला आणि घरून येणारे पैसेही थांबले. काही काळ नाट्यसमीक्षा लिहून त्यांनी उदरनिर्वाह केला व पुढे १८३६ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवली. १८३९ मध्ये वनस्पती गोळा करण्यासाठी ते पोर्तुगालला गेले व तेथेच रमले.

अंगोलातील कार्य

पोर्तुगीज सरकारने १८५३ मध्ये त्यांना अंगोलात पाठवले. ज्वर व पायांवरील व्रण यांनी ते वारंवार आजारी पडत. गोलुंगो आल्तो भागात त्यांची डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याशी भेट झाली. सुमारे सात वर्षांत त्यांनी वनस्पतींच्या ५,००० च्या आसपास जाती जमवल्या.

३ सप्टेंबर, १८५९ रोजी दक्षिण अंगोलातील काबो नेग्रोजवळच्या रखरखीत पठारावर त्यांना ती वनस्पती दिसली. हात लावला तर हा भास ठरेल की काय, या शंकेने ते तापलेल्या जमिनीवर गुडघे टेकून नुसते पाहत राहिले, असे सांगितले जाते. ही भावना अनाठायी नव्हती. या झाडाचा शेंडा रोपावस्थेतच मरतो. त्यानंतर त्याला केवळ दोनच पाने राहतात. ती बुडाकडून आयुष्यभर वाढत जातात आणि टोकाकडे वाळून, फाटून त्यांच्या चिंध्या होतात. पाने गाळून नवी आणण्याचा खर्चच या झाडाने टाळला आहे. काही झाडे हजार वर्षांहून जुनी असल्याचे मानले जाते. दिसायला पालापाचोळ्याचा ढीग असला, तरी ही सूचिपर्णी वृक्षांप्रमाणे शंकू धारण करणारी प्रकटबीज वनस्पती आहे व तिची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात.

वेल्विच यांनी तिच्यासाठी स्थानिक नावावरून तुंबोआ हे नाव सुचवले होते. लंडनमधील जोसेफ डाल्टन हूकर यांनी मात्र १८६३ मध्ये सविस्तर वर्णन प्रसिद्ध करताना तिला शोधकर्त्याचेच नाव दिले. मिराबिलिस या लॅटिन शब्दाचा अर्थ आश्चर्यकारक असा आहे.

संग्रहावरील वाद

अभ्यासासाठी लागणारी ग्रंथालये व तुलनेसाठीचे नमुने लिस्बनमध्ये पुरेसे नसल्याने वेल्विच १८६३ मध्ये संग्रह घेऊन लंडनला आले. काम लांबत गेले आणि १८६६ मध्ये पोर्तुगालने त्यांचे मानधन बंद केले. तरीही ते मृत्यूपर्यंत वर्गीकरण करत राहिले. मृत्युपत्रात त्यांनी संग्रहाचा प्रमुख संच ब्रिटिश म्युझियमला विकत देऊ करावा, असे नमूद केले होते. सरकारी खर्चाने जमवलेला संग्रह आपलाच, असे म्हणत पोर्तुगालने लंडनच्या न्यायालयात दावा लावला. दोन्ही बाजूंचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. १८७५ मध्ये तडजोड होऊन मुख्य संच लिस्बनला गेला, तर त्याखालोखालचा संच आणि टिपणांची प्रत ब्रिटिश म्युझियमला मिळाली. तेथील संचाची सूची १८९६ पासून खंडशः प्रसिद्ध झाली.

लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीतील त्यांच्या समाधिशिळेवर वेल्विचियाची आकृती कोरलेली आहे. नामिबियाच्या राजचिन्हातही ही वनस्पती आढळते.