अल-ख्वारिज्मी

मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांचा जन्म इ. स. ७८० च्या सुमारास झाला. ख्वारिज्म हा अरल समुद्राच्या दक्षिणेकडील प्रदेश. त्यावरून त्यांना हे नाव मिळाले. त्यांनी काम मात्र बगदाद शहरात केले. तेथे ८१३ ते ८३३ या काळात खलिफा अल-मामून यांचे राज्य होते. खलिफांना विद्येची फार आवड होती. त्यांच्या बैतुल हिकमत या संस्थेत ख्वारिज्मी अभ्यास करत.

खलिफांच्या प्रोत्साहनाने त्यांनी गणिताचा एक ग्रंथ लिहिला. तो केवळ विद्वानांसाठी नव्हता. व्यापार, जमिनीची मोजणी, कालव्यांचे खोदकाम अशा रोजच्या कामांत तो उपयोगी पडावा, ही त्यांची इच्छा होती. वाटणीचा हिशेब चुकला, तर एखाद्या वारसाचा हक्क बुडतो. म्हणून वारसाहक्काच्या उदाहरणांना त्यांनी ग्रंथाचा मोठा भाग दिला.

त्यांचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एका संख्येच्या वर्गात त्या संख्येची दहापट मिळवली, तर ३९ होतात. ती संख्या कोणती? हेच आपण जमिनीच्या भाषेत मांडू. एका आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा १० हात जास्त आहे. क्षेत्रफळ ३९ चौरस हात आहे. तर रुंदी किती?

आज आपण लगेच वर्गसमीकरण लिहू. ख्वारिज्मींजवळ आपली चिन्हे नव्हती. ते सर्व गणित शब्दांत लिहीत आणि आकृती काढून पटवून देत. मुलांनो, तुम्हीही वहीत आकृती काढा. वाफ्यातून रुंदीएवढ्या बाजूचा चौरस वेगळा करा. १० हात लांबीचा तुकडा उरेल. त्याचे ५-५ हातांचे दोन सारखे भाग करा. एक भाग चौरसाच्या उजवीकडे जोडा, दुसरा खाली जोडा. आता फक्त एक कोपरा रिकामा राहतो. त्याची बाजू ५ हात, म्हणजे क्षेत्रफळ २५. तो भरला की ३९ आणि २५ मिळून ६४ चौरस हातांचा पूर्ण चौरस तयार होतो. त्याची बाजू ८ हात. त्यातून ५ वजा केले की रुंदी ३ हात मिळते. लांबी झाली १३ हात. गुणाकार करून पाहा!

या समीकरणाला उणे १३ हेही उत्तर आहे. ख्वारिज्मी उणे उत्तरे घेत नसत. वाफ्याची रुंदी उणे कशी असणार?

त्यांच्या ग्रंथाच्या नावात अल-जब्र हा शब्द आहे. वजा असलेले पद समीकरणाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन भरून काढणे, असा त्याचा अर्थ. ११४५ साली या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि हा शब्द युरोपात पोहोचला. मराठीत ज्याला आपण बीजगणित म्हणतो, तोच हा अल्जेब्रा. भारतीय अंकांवरही ख्वारिज्मींनी पुस्तक लिहिले होते. लॅटिनमध्ये त्यांच्या नावाचे रूप बदलले. त्यातूनच संगणकशास्त्रातला अल्गोरिदम हा शब्द आला.