देकार्तची ग्रंथी आणि मेंदूतली वाळू

मेंदूचा सीटी स्कॅन केला की अहवालात पुष्कळदा एक ओळ असते : पिनिअल ग्रंथीत कॅल्शियम साचलेले दिसते. रुग्ण डोकेदुखीसाठी आलेला असतो आणि अहवालात काळजीचे काहीच नसते. पण घरी पोचेपर्यंत ती ओळ मोबाइलवर शोधून झालेली असते. तिथे कळते की आपला ‘तिसरा डोळा’ दगड झाला असून त्याला पाण्यातले फ्लोराइड, टूथपेस्ट, आयोडीनयुक्त मीठ आणि कॅल्शियमच्या गोळ्या जबाबदार आहेत. मग नाचणी बंद, सुकट बंद, गोळ्या बंद. अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ज्या घरात कॅल्शियम मुळात सुकटीतून आणि नाचणीतून येते, त्या घरातल्या गरोदर सुनेपर्यंत हा सल्ला पोचला, तर त्याची किंमत मोठी आहे.

तुरीच्या दाण्याएवढ्या या ग्रंथीला एवढे मोठेपण मिळाले ते मुख्यतः एका माणसामुळे. त्याचे नाव रने देकार्त. शाळेत आलेखाच्या कागदावर आपण क्ष आणि य अक्ष काढतो, ती भूमिती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ रोजी फ्रान्समध्ये झाला. तो सव्वा वर्षाचाही नव्हता तेव्हा आई गेली. मुलाला कोरडा खोकला होता, चेहरा फिकट होता आणि हा फार जगणार नाही असे वैद्यांचे मत होते. ला फ्लेश गावच्या जेझुइट शाळेत त्याला प्रकृतीमुळे सकाळी उशिरापर्यंत अंथरुणात राहण्याची सवलत मिळाली. ही सवय त्याने जन्मभर सोडली नाही. अंथरुणात पडल्या पडल्या विचार करणे, हीच त्याची कामाची वेळ.

१६१६ मध्ये कायद्याची पदवी घेऊन तो सैन्यात गेला, युरोपभर फिरला आणि १६२८ च्या सुमारास हॉलंडमध्ये येऊन राहिला. पुढची वीस वर्षे त्याने तिथेच, सतत घरे बदलत काढली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका हिवाळ्यात तो जवळजवळ रोज खाटकाकडे जाई, जनावराचे अवयव घरी आणी आणि स्वतः कापून पाही. शरीर हे यंत्र आहे आणि त्याचे चलनवलन यंत्रासारखेच समजावून सांगता येईल, हा त्याचा ध्यास होता. त्या काळी ही धाडसाची गोष्ट होती. १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याचे कळताच त्याने आपले या विषयावरचे लिखाण छापायचे थांबवले. मानवी शरीरावरचा तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ मध्ये बाहेर आला.

शरीर जर यंत्र, तर आत्मा त्याला कुठून हलवतो? देकार्तचा तर्क असा होता : डोळे दोन, कान दोन, मेंदूचेही दोन अर्ध, पण आपल्याला दिसते एकच चित्र आणि मनात येतो एकच विचार. म्हणजे दोन्हीकडचे कुठेतरी एकत्र येत असले पाहिजे. मेंदूत जोडी नसलेला, मध्यभागी बसलेला अवयव त्याला एकच दिसला. ती पिनिअल ग्रंथी. चिलगोजा ज्या झाडाचा, त्या पाइनच्या फळासारखी दिसते म्हणून तिला हे नाव प्राचीन काळीच मिळाले होते. देकार्तने तिला आत्म्याचे मुख्य आसन ठरवले.

तर्क देखणा होता, पुरावा मात्र तोकडा. १६३७ च्या सुमारास लायडनमध्ये एका स्त्रीच्या शवाचे विच्छेदन चालले असताना तो ही ग्रंथी पाहायला गेला. ताज्या मारलेल्या जनावरांत ती त्याला सहज सापडत असे, पण इथे सापडली नाही. तिथल्या वयोवृद्ध प्राध्यापकानेही सांगितले की माणसाच्या शरीरात ती आपल्याला कधी दिसलेली नाही. देकार्तने याचे कारण असे दिले की कवटी उघडण्याआधी पोटातले अवयव पाहण्यात बरेच दिवस जातात, तोवर ती खराब होत असावी. ते शक्यही होते. पण त्याने आपल्या सिद्धांतावर मात्र शंका घेतली नाही. प्रत्येक गोष्टीवर आधी शंका घ्यावी असे जगाला शिकवणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे लक्षात राहण्यासारखे आहे.

त्याचे खासगी आयुष्यही सोपे नव्हते. मुलगी फ्रान्सीन १६४० मध्ये पाच वर्षांची असताना लाल तापाने गेली. १६४३ पासून बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ त्याला पत्रे लिहू लागली. तिने नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले : ज्याला आकार नाही, वजन नाही, तो आत्मा शरीराला ढकलतो तरी कसा? या पत्रव्यवहारातून १६४९ मध्ये मनोविकारांवरचा त्याचा ग्रंथ तयार झाला. त्यातही पिनिअल आपल्या सिंहासनावर कायम होती.

त्याच वर्षी स्वीडनच्या राणी क्रिस्टिनाने त्याला स्टॉकहोमला बोलावले. राणीला तत्त्वज्ञानाचे धडे हवे होते, तेही पहाटे पाच वाजता. जानेवारीतल्या उत्तरेकडच्या गोठवणाऱ्या अंधारात, जन्मभर उशिरा उठणारा हा माणूस राजवाड्यात जाऊ लागला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला त्याला न्यूमोनिया झाला. रक्त काढण्याच्या त्या काळच्या उपचाराला त्याने बरेच दिवस नकार दिला, शेवटी मान्य केले. ११ फेब्रुवारी १६५० रोजी तो गेला, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

त्याच्या ग्रंथीचे पुढे काय झाले? १६६५ मध्ये स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने पॅरिसमधल्या व्याख्यानात दाखवले की देकार्तने वर्णन केलेली पिनिअलची जागा आणि हालचाल प्रत्यक्षाशी जुळत नाही. पण तिच्याभोवतीचे वलय टिकले. १७५३ मध्ये ग्यूंझ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने पाच मनोरुग्णांच्या पिनिअलमध्ये खडे सापडल्याचे प्रसिद्ध केले. आत्म्याच्या आसनात खडे, म्हणून वेड, असा अर्थ लावणे सोपे होते. मात्र फक्त आजाऱ्यांत शोधले, तर आजाऱ्यांतच सापडणार. १७८५ मध्ये सोमरिंगने या खड्यांचा नीट अभ्यास केला आणि ते धडधाकट माणसांतही असतात हे पुढे स्पष्ट झाले. मोबाइलवरची आजची भीती त्या १७५३ च्या चुकीचीच नवी आवृत्ती आहे.

ग्रंथीचे खरे काम कळायला १९५८ साल उजाडले. येल विद्यापीठात लर्नर यांनी गाईबैलांच्या पिनिअलमधून मेलाटोनिन वेगळे केले. अंधार पडला की ही ग्रंथी मेलाटोनिन रक्तात सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळवते. डोळ्यांवर प्रकाश पडला की हे काम मंदावते. आत्म्याचे आसन समजली गेलेली ग्रंथी झोपेच्या वेळापत्रकाची निघाली.

आता त्या खड्यांविषयी. त्यांना डॉक्टर ‘मेंदूतली वाळू’ म्हणतात. त्यात मुख्यतः हाडांत आणि दातांत असते तेच कॅल्शियम व फॉस्फेटचे खनिज असते. वय वाढते तशी ही वाळू वाढते आणि सीटी स्कॅनवर निम्म्याहून अधिक प्रौढांत ती दिसते. सीटी नव्हते तेव्हा हाच पांढरा ठिपका डॉक्टरांच्या कामी येई. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या साध्या एक्स-रेवर तो मध्यरेषेपासून सरकलेला दिसला, तर एका बाजूला रक्तस्राव झाल्याचा संशय घेता येई.

खाल्लेले कॅल्शियम थेट जाऊन त्या ग्रंथीत बसत नाही. रक्तातले त्याचे प्रमाण गळ्यातल्या चार छोट्या पॅराथायरॉइड ग्रंथी सांभाळतात. आहारात ते कमी पडले, तर त्या ते हाडांतून काढून घेतात. म्हणजे नाचणी सोडल्याने वाळू कमी होत नाही, हाडे मात्र पोकळ होतात.

फ्लोराइडचे काय? २००१ मध्ये जेनिफर ल्यूक यांनी अकरा वृद्ध शवांतल्या पिनिअल तपासल्या आणि त्यांत फ्लोराइड सापडले. फ्लोराइड कॅल्शियमला चिकटते, म्हणून वाळू जिथे तिथे तेही साठते. पण त्यामुळेच वाळू झाली, असे यातून सिद्ध होत नाही. फ्लोराइडचा खरा त्रास वेगळा आहे आणि तो आपल्याच राज्यात आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत कूपनलिकेच्या पाण्यात ते मर्यादेपेक्षा जास्त असल्याने दात आणि हाडे बिघडतात. १९४० मध्ये दक्षिण भारतातल्या अशा गावांचा अभ्यास करणाऱ्यांत डॉ. चिंतामण गोविंद पंडित होते. पुढे ते भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. निकृष्ट आहार असलेल्यांना हा त्रास अधिक होतो, हे तेव्हाच दिसले होते. म्हणजे तिथेही खाणे कमी करणे हा उपाय नव्हता.

वाळू जास्त असलेल्यांत झोपेच्या तक्रारी अधिक आढळल्याचे काही अभ्यास आहेत. पण ती विरघळवणारे औषध नाही. त्यासाठी टाकणखार पाण्यातून घ्यावा असे जे सांगितले जाते, ते विषारी आहे. आयोडीनचे मीठ सोडले तर गलगंड परत येईल.

अहवालात ती ओळ दिसली तर वयस्क माणसाने ती वाचून बाजूला ठेवावी. लहान मुलात दिसली, किंवा साठा एक सेंटिमीटरहून मोठा असेल, तर डॉक्टर पुढचा तपास करतील. पिनिअलसाठी काही करायचेच असेल, तर रात्री दिवा आणि मोबाइल वेळेवर बंद करावा. आणि गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत घेऊ द्यावी. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या बायकांत गरोदरपणातला धोकादायक रक्तदाब टाळायला तिची मदत होते.