रुडॉल्फ डिझेल

मुलांनो, 'डिझेल' हा शब्द तुमच्या रोजच्या बोलण्यातला आहे. एस. टी. डिझेलवर धावते, मालट्रक डिझेलवर धावतो, विहिरीवरचे पाणी खेचणारे इंजिनही पुष्कळ ठिकाणी डिझेलवर चालते. पण डिझेल हे मुळात तेलाचे नाव नव्हे. ते एका माणसाचे आडनाव होते. त्याने एक इंजिन तयार केले, त्या इंजिनाला त्याचे नाव मिळाले, आणि इंजिनावरून तेलाला. त्या माणसाची ही हकिकत आहे.

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे आईवडील जर्मन होते. वडील कातड्याच्या वस्तू बनवीत. घरची परिस्थिती बेताची होती. तयार झालेल्या वस्तू हातगाडीवर घालून गिऱ्हाइकांच्या घरी पोचवण्याचे काम लहान रुडॉल्फकडे असे. सवड मिळाली की तो पॅरिसमधील यंत्रांच्या संग्रहालयात जाई. तेथे वाफेवर चालणारी एक फार जुनी गाडी ठेवलेली होती. तो त्या यंत्रांपुढे बसून त्यांची चित्रे काढीत असे.

१८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले. जर्मन लोकांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथेही पोटाची चिंता होतीच. तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील ऑग्सबर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. युद्धाच्या दिवसांत तो हा प्रवास एकटा करून गेला. तुमच्यापैकी काही जण आज त्याच वयाचे असतील.

ऑग्सबर्गच्या शाळेत त्याने एक गमतीचे साधन पाहिले. ती एक छोटी नळी होती. तिच्यात दट्ट्या जोराने दाबला की आतली हवा इतकी तापे, की तळाशी ठेवलेला कापूस पेट घेई. काडी नाही, ठिणगी नाही, तरी आग! तुम्ही सायकलच्या चाकात हवा भरता तेव्हा पंपाचे खालचे टोक गरम लागते ना? तेच हे. हवा दाबली की ती तापते, आणि फार दाबली की फार तापते. ही साधी गोष्ट रुडॉल्फने ध्यानात ठेवली.

पुढे तो म्युनिक येथे अभियांत्रिकी शिकला. तेथे कार्ल फॉन लिंडे हे त्याचे शिक्षक होते. थंडी निर्माण करणारी यंत्रे बनवण्यात त्यांचे मोठे नाव होते. एके दिवशी वर्गात त्याला कळले, की वाफेच्या इंजिनात जळणाच्या उष्णतेपैकी फार तर दहावा भाग उपयोगी पडतो. उरलेली सारी उष्णता वाया जाते. शंभर किलो कोळसा जाळायचा आणि नव्वद किलो हवेत सोडून द्यायचा, असा हा व्यवहार! हे काही रुडॉल्फला पटेना. अंतिम परीक्षेच्या वेळी त्याला विषमज्वर झाला. त्यामुळे परीक्षा लांबली. १८८० साली त्याने ती उत्तम गुणांनी दिली आणि लिंडे यांच्याच बर्फाच्या कारखान्याच्या कामावर तो पॅरिसला गेला.

पोटासाठी बर्फ आणि डोक्यात इंजिन, अशी त्याची दहा-बारा वर्षे गेली. प्रथम त्याने पाण्याच्या वाफेऐवजी अमोनियाची वाफ वापरून पाहिली. त्या प्रयोगात स्फोट होऊन तो मरता मरता वाचला. मग त्याला शाळेतील ती नळी आठवली असावी. इंजिनात नुसती हवा घ्यायची, ती दट्ट्याने खूप दाबायची, आणि तापलेल्या हवेत थोडे थोडे इंधन सोडायचे. इंधन आपोआप पेटेल आणि दट्ट्याला ढकलेल. पेट्रोलच्या इंजिनाला लागते तशी ठिणगी लागणारच नाही. १८९२ साली त्याने या कल्पनेसाठी पेटंट मागितले, म्हणजे आपला शोध आपल्या नावावर नोंदवण्यासाठी सरकारकडे अर्ज केला. उर्दूत आपण ज्याला 'ईजाद' म्हणतो, त्यालाच मराठीत 'शोध' म्हणतात. पण येथे शोध अजून कागदावरच होता.

ऑग्सबर्गच्या एका मोठ्या यंत्र-कारखान्याने त्याला जागा आणि माणसे दिली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिला प्रयोग झाला. इंजिनात इंधन सोडताच एवढा जोराचा धडाका झाला, की दाब मोजण्याचे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. दुसऱ्या कुणाला हे अपयश वाटले असते. डिझेलला आनंद झाला. इंधन आपोआप पेटते, एवढे तरी सिद्ध झाले होते.

इंजिन दुरुस्त करण्यात सहा महिने गेले. १७ फेब्रुवारी १८९४ चा दिवस उजाडला. कारखान्यातील दुसऱ्या यंत्राच्या पट्ट्याने हे इंजिन फिरवले जात होते. एका कारागिराचे लक्ष त्या पट्ट्याकडे गेले. आतापर्यंत पट्टा इंजिनाला ओढत होता. आता इंजिनच पट्ट्याला ओढू लागले होते! कारागीर काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने डोक्यावरची टोपी काढली, असे सांगतात. इंजिन त्या दिवशी जेमतेम एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरले.

त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे काम करावे लागले. १८९७ च्या फेब्रुवारीत म्युनिकचे प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या इंजिनाची रीतसर तपासणी केली. हे इंजिन माणसाहून कितीतरी उंच होते. त्याला एकच सिलिंडर होता. दट्ट्याची रुंदी २५ सेंटिमीटर आणि त्याची धाव ४० सेंटिमीटर होती. म्हणजे सिलिंडरमध्ये साडेएकोणीस लिटरहून अधिक हवा मावे. एका मिनिटाला १५४ फेरे घेऊन ते सुमारे १८ अश्वशक्ती देई. आजच्या मानाने ही शक्ती थोडी वाटेल. पण जळणाच्या उष्णतेचा २६ टक्क्यांहून थोडा अधिक भाग ते कामी लावत होते. वाफेच्या इंजिनाच्या अडीचपटीहून अधिक! देशोदेशींचे कारखानदार पैसे घेऊन ऑग्सबर्गला आले. एकट्या अमेरिकेच्या हक्कासाठी डिझेलला दहा लाख मार्क मिळाले. हातगाडी ढकलणारा मुलगा श्रीमंत झाला.

येथे गोष्ट संपली असती तर फार सोपे होते. पण प्राध्यापकांसमोर चालणारे इंजिन आणि गिऱ्हाइकाकडे रोज चालणारे इंजिन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १८९८ साली केम्प्टन येथील काडेपेट्यांच्या कारखान्याला पहिल्यांदा असे इंजिन विकले गेले. त्याला दोन सिलिंडर होते आणि शक्ती ६० अश्वशक्तीची. ते पुन्हा पुन्हा बंद पडे. दर वेळी ऑग्सबर्गहून कारागिरांना धावावे लागे. दुसऱ्या गिऱ्हाइकांचीही तीच तक्रार होती. इंधन फवारण्याची तोटी तुंबे, सांधे गळत, दट्ट्या अडके. त्या काळी इंधन दाबाच्या हवेने आत फुंकावे लागे. त्यासाठी इंजिनाला हवा दाबणारे आणखी एक यंत्र जोडलेले असे, आणि तेही बिघडे! काही जणांनी इंजिने परत केली. डिझेलच्या नावाने निघालेला कारखाना थोड्याच वर्षांत बंद पडला.

डिझेलला हे सोसले नाही. डोके दुखे, झोप येईना. १८९८ च्या शेवटी त्याला काही महिने रुग्णालयात राहावे लागले. मला वाटते, त्याची चूक कल्पनेत नव्हती, घाईत होती. इंजिन पक्के होण्याआधीच ते विकले गेले. ते पक्के करण्याचे काम पुढे लाउस्टर नावाच्या अभियंत्याने आणि ऑग्सबर्गच्या कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून केले. त्यांची नावे इंजिनावर नाहीत.

इंजिन सुधारत गेले. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सर्वांत मोठे बक्षीस मिळाले. त्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवण्यात आले. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डेन्मार्कचे जहाज डिझेल इंजिनांवर कोपनहेगनहून बँकॉकपर्यंत गेले. इंजिनाचे दिवस पालटले, पण त्याच्या मालकाचे पालटले नाहीत. जमिनीच्या आणि तेलविहिरींच्या व्यवहारांत डिझेलचा पैसा बुडाला. म्युनिकला मोठा बंगला होता आणि डोक्यावर कर्ज होते.

२९ सप्टेंबर १९१३ रोजी तो बेल्जियममधील अँटवर्प बंदरात 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीत चढला. त्याला इंग्लंडला एका बैठकीला जायचे होते. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झाले. सकाळी सव्वासहाला उठवा, असे सांगून तो आपल्या खोलीकडे गेला. सकाळी खोली रिकामी होती आणि बिछान्यावर कोणी झोपलेले दिसत नव्हते. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात एक प्रेत आढळले. त्याच्या खिशातील वस्तू डिझेलच्या मुलाला दाखवण्यात आल्या. त्या वडिलांच्याच होत्या. हा अपघात होता की आणखी काही, याचा निर्णय कधीच लागला नाही. त्या वेळी त्याचे वय ५५ वर्षांचे होते.

त्याच्या हयातीत डिझेल इंजिन मोटारीत बसू शकले नाही. हवा दाबणारे ते जोडयंत्र फार अवजड होते. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने इंधन फवारणारा लहान, नेमका पंप बाजारात आणला आणि ही अडचण दूर झाली. १९३६ साली मर्सिडीझ-बेंझची डिझेल मोटार विक्रीला आली. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्येच आणखी एक युक्ती नोंदवली होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराने एक चक्र फिरवायचे, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जास्त हवा कोंबायची. यालाच आज टर्बो म्हणतात. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त.

मोठा टर्बो सावकाश वेग घेतो आणि लहान टर्बो भरधाव वेगात अपुरा पडतो. म्हणून काही मोटारींना दोन टर्बो बसवतात. गाडी निघताना लहान टर्बो काम करतो, वेग वाढला की मोठा. बी. एम. डब्ल्यू. कंपनीने २००४ मध्ये काढलेल्या अशा एका इंजिनाचे सहा सिलिंडर मिळून तीन लिटरचे आहेत आणि शक्ती २७२ अश्वशक्तीची आहे. डिझेलचे साडेएकोणीस लिटरचे १८ अश्वशक्तीचे इंजिन आठवा, म्हणजे फरक कळेल.

आणि या इंजिनांच्या तक्रारी काय असतात? टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल वेळेवर बदलले नाही तर तो झिजतो, तेल हवेच्या वाटेत शिरते आणि मागून निळा धूर निघतो. काजळी आणि तेल मिळून हवेच्या नळ्यांत चिकट थर बसतो. एका टर्बोकडून दुसऱ्याकडे हवा वळवणाऱ्या झडपा अडकतात, त्यांच्या रबरी नळ्यांना चिरा जातात. गाडी रोज थोडीच फिरली तर धूर गाळणारी जाळी भरून जाते. आणि इंधन फवारणारी तोटी आजही तुंबते. गॅरेजमधला मिस्त्री ती काढून दिव्यासमोर धरतो, तेव्हा केम्प्टनला धावलेल्या कारागिरांचेच काम तो करत असतो.

१८९७ चे ते उंच इंजिन म्युनिकच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. पॅरिसच्या संग्रहालयातल्या गाडीपुढे रुडॉल्फ बसे, तशी एखादी मुलगी किंवा मुलगा वही घेऊन त्याच्यापुढेही बसत असेल.