मातांचा त्राता

रुग्णालय हे रोगमुक्तीचे स्थान. परंतु एके काळी युरोपात बाळंतिणींना रुग्णालयाचेच भय वाटे. त्या भयाचे मूळ शोधून काढणारा वैद्य म्हणजे इग्नाझ सेमेल्वाइस होय.

त्याचा जन्म १८१८ साली हंगेरीतील बुडा नगरात झाला. १८४६ साली तो व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयातील प्रसूतिगृहात साहाय्यक झाला. तेथे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात शंभरांतील सुमारे ११ माता दगावल्या. दुसऱ्यात ३ देखील नाहीत. पहिल्या विभागात पाठवू नये म्हणून स्त्रिया हात जोडून विनवीत. ते पाहून सेमेल्वाइसचे अंतःकरण कळवळे. हवा, गर्दी, रीतिरिवाज अशी एकेक कारणे त्याने पारखली. पण उलगडा होईना.

१८४७ च्या मार्चमध्ये त्याचा स्नेही प्राध्यापक कोलेचका हा शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला व मरण पावला. त्याच्या देहात बाळंतज्वराचीच चिन्हे आढळली. सेमेल्वाइसला कोडे उलगडले. डॉक्टर व विद्यार्थी शवविच्छेदन करून बाळंतिणींना तपासावयास येत. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. म्हणजे मृत्यू वैद्यांच्याच, त्याच्या स्वतःच्याही हातांवरून जात होता! हे सत्य कटू होते. तरी त्याने ते स्वीकारले.

मे महिन्यात त्याने नियम केला, की क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणीही रुग्णास स्पर्श करू नये. एप्रिलमध्ये शंभरांत १८ माता मृत्यू पावल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण २ वर आले.

पण आपले हात मलिन आहेत, हे अनेक विद्वानांना रुचले नाही. १८४९ मध्ये त्याचे पद गेले. पुढे तो पेस्ट नगरात आला व सेंट रॉकस रुग्णालयाच्या लहानशा प्रसूतिविभागात विनावेतन काम करू लागला. तेथे ९३३ बाळंतपणांत बाळंतज्वराने केवळ ८ माता दगावल्या. १८६१ साली त्याने ग्रंथ लिहिला. त्याचीही उपेक्षा झाली. अखेर मन खचलेल्या स्थितीत, जखम चिघळून, १८६५ साली तो निवर्तला.

पुढे पाश्चर व लिस्टर यांच्या कार्याने त्याचे म्हणणे सिद्ध झाले. खेड्यातील लहान दवाखान्यात मोठी यंत्रे नसतील. परंतु पाणी, साबण आणि नियम पाळण्याचा निर्धार तेथेही असू शकतो. रुग्णाचे रक्षण स्वच्छ हातांपासून सुरू होते, हीच सेमेल्वाइसची शिकवण होय.