मिखाईल त्स्वेत
मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत (१४ मे १८७२, आस्ती, इटली – २६ जून १९१९, व्होरोनेझ, रशिया) हे क्रोमॅटोग्राफीचे जनक मानले जाणारे रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. जिनिव्हा विद्यापीठाची त्यांची डॉक्टरेट रशियात ग्राह्य न धरल्याने त्यांना तेथे पुन्हा पदवी मिळवावी लागली. वॉर्सा येथे त्यांनी कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरलेल्या काचनळीतून पानांचा अर्क सोडून हरितद्रव्याचे दोन प्रकार वेगळे केले व १९०६ मध्ये या पद्धतीचे नामकरण केले. हरितद्रव्यावरील संशोधनासाठी पुढे नोबेल मिळालेले विल्श्टेटर यांनी तिच्याविषयी शंका घेतल्याने ती दुर्लक्षित राहिली. त्स्वेत यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये हायडेलबर्ग येथे तिचे पुनरुज्जीवन झाले. त्यांच्या नळीत स्थिर प्रावस्था ध्रुवीय आणि द्रावक अध्रुवीय होता. १९५० मध्ये हॉवर्ड व मार्टिन यांनी हा क्रम उलटवला. औषधांच्या शुद्धतेच्या तपासणीत आज हीच व्युत्क्रम-प्रावस्था पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.